नियम ठरवून झाले, मग थरार कुठून येतो?

मागच्या अंकात पार्टनर स्वॅपिंग करून बघणाऱ्या नवरा-बायकोवरच्या इरॉटिक थ्रिलरविषयी लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देतेय. काही पत्रं सिनेमाबद्दलची आहेत, एक लिहिणाऱ्याचं आहे आणि काही थेट घरातली आहेत. नाव कुणाचंच छापत नाहीये, ज्यांनी 'छापा, चालेल' असं कळवलंय त्यांचंही नाही.

प्रश्न : इरॉटिक थ्रिलर आणि ब्लू फिल्म यात फरक तो काय? शेवटी दोन्हीत दाखवतात तेच ना?

उत्तर : नाही हो. बेडरूमचा सीन मनातल्या मनात काढून टाका आणि बघा गोष्टीचं काही अडतंय का. ब्लू फिल्ममध्ये तो काढला तर मागे काहीच उरत नाही. चांगल्या इरॉटिक थ्रिलरमध्ये त्याच सीनमध्ये कुणीतरी खोटं बोललेलं असतं, कुणाच्या तरी तोंडून नको ते निघून गेलेलं असतं किंवा कुणाला तरी पहिल्यांदा कळलेलं असतं की आपण ज्याच्यासोबत इतकी वर्षं झोपतोय तो माणूस आपल्याला नीट माहीतच नाही. तो सीन काढला तर पुढचा खून कळणारच नाही. अंगावर कपडे किती आहेत यावर काही ठरत नाही.

प्रश्न : या सिनेमांत शेवटी कुणीतरी मरतं नाहीतर जेलमध्ये तरी जातं. नवरा-बायकोने दोघांच्या मर्जीने काही केलं तरी त्यांना शिक्षा झालीच पाहिजे असं काही ठरलेलं असतं का? आता कंटाळा यायला लागलाय.

उत्तर : एके काळी खरंच ठरलेलं होतं, तेही लेखी. हॉलीवूडने १९३० मध्ये स्वतःसाठी एक नियमावली केली आणि १९३४ पासून ती कडकपणे लावली. व्यभिचार आकर्षक वाटेल असा दाखवायचा नाही, त्याचं समर्थन करायचं नाही आणि प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या किंवा पापाच्या बाजूला जाऊ द्यायची नाही, असं त्यात स्पष्ट होतं. त्यामुळे लेखकांनी वाट काढली, मधला दीड तास हवं ते सुचवायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्याची किंमत वसूल करायची. १९६८ मध्ये ही नियमावली गेली, वयानुसार रेटिंग द्यायची पद्धत आली, पण तोवर प्रेक्षकांच्या हाडात ती सवय भिनली होती.

याचं अगदी ढळढळीत उदाहरण म्हणजे १९८७ चा 'फेटल अट्रॅक्शन'. त्याचा मूळ शेवट वेगळा होता, त्यात ती बाई स्वतःचा जीव घेते आणि सुरीवर हिरोच्या बोटांचे ठसे असल्यामुळे पोलीस त्याला घेऊन जातात. आधी काही प्रेक्षकांना बोलावून दाखवला तर त्यांना तो शेवट पटला नाही, त्यांना त्या बाईला शिक्षा झालेली बघायची होती. मग पुन्हा शूटिंग करून बायकोच्या हातून तिला गोळी घालायला लावली. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजचा या बदलाला विरोध होता. म्हणजे नियमावली जाऊन १९ वर्षं झाली होती, शिक्षा मागणारं कुणी सेन्सॉरचं माणूस नव्हतं, तिकीट काढून आलेली माणसं होती.

आता स्वॅपिंगचंच बघा. १९९२ मध्ये अ‍ॅलन पाकुला या दिग्दर्शकाचा 'कन्सेंटिंग अ‍ॅडल्ट्स' आला. शेजारी राहायला आलेला माणूस हिरोला सुचवतो की रात्री आपण एकमेकांच्या घरात शिरू आणि एकमेकांच्या बायकोशेजारी जाऊन झोपू, अंधारात त्यांना कळणारही नाही. हिरो आधी नाही म्हणतो आणि एका रात्री जातो. सकाळी तिथे बाईचा मृतदेह सापडतो आणि संशय येतो हिरोवर. सिनेमा पुढे विम्याचे पैसे, मेलेली नेमकी कोण, खरा डाव कुणाचा, यात जातो आणि ते सगळं रंगतदारही आहे, पण मला ते बघताना राग येत राहिला. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं हो! झोपेतल्या बाईला फसवून केलेलं ते आजच्या नजरेने लैंगिक अत्याचारातच मोडतं आणि सिनेमा मात्र तो हिरोचा मोह म्हणून दाखवून पुढे सरकतो. तुम्हाला शिक्षेचा कंटाळा आलाय तो मला समजतो, मला कंटाळा येतो तो शिक्षा भलत्याच गोष्टीसाठी होते याचा. चौघांनी मनापासून ठरवून काही केलं तर त्यात पाप शोधायची गरज नाही. पण चौघांपैकी एकाला विचारलंच नाही, किंवा विचारलं पण नाही म्हणायची सोयच ठेवली नाही, तर गुन्हा तिथेच झालेला असतो आणि थ्रिलरने तोच शोधून काढायला हवा.

प्रश्न : मी एक कादंबरी लिहितोय. लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं दुसऱ्या एका कपलबरोबर स्वॅपिंग करायचं ठरवतं, नियम वगैरे ठरवतात, ती रात्र होते आणि दुसऱ्या दिवशी चौघांतला एकजण मेलेला सापडतो. पण सुरुवातीची पानंच्या पानं नुसती सेक्सची झालीत, मित्राने वाचून सांगितलं की हॉट आहे पण भीती वाटत नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही 'नियम वगैरे' असं एका शब्दात उडवलंत ना, तिथेच चुकतंय. तुमचा सगळा थरार त्या 'वगैरे'मध्ये पडलाय.

स्वॅपिंग करणारी माणसं आधी खूप बोलतात हे तुम्हाला माहीत असेलच. सॉफ्ट स्वॅप की फुल स्वॅप, म्हणजे कुठपर्यंत जायचं, सगळे एकाच खोलीत की वेगवेगळ्या, किस चालेल का, नंतर एकमेकांना मेसेज करायचे का, आणि दोघांपैकी कुणीही थांब म्हटलं की तिथेच थांबायचं. यातला प्रत्येक नियम वाचकाच्या हातात दिलात की तो वाट बघायला लागतो की आता यातला पहिला कुठला मोडणार. सगळ्यात मोठा नियम आधी मोडू नका, तो मोडणार हे सगळ्यांना माहीतच असतं. सगळ्यात फुटकळ वाटणारा मोडा. समजा ती दोघं रात्री पलंगावर बसून मोबाइलवर नियम लिहितायत, टाइप ती करतेय, तो उशीला टेकून 'तू म्हणशील तसं' म्हणत दुसरंच काहीतरी स्क्रोल करतोय, पाच ओळी होतात, ती त्याला वाचून दाखवते, तो हं हं करतो, दिवा बंद होतो आणि अंधारात तिचा अंगठा परत स्क्रीनवर जातो आणि चौथी ओळ ती खोडून टाकते. का खोडली ते लगेच सांगू नका. पुढची शंभर पानं वाचक त्या एका ओळीसाठी वाचेल आणि त्यात कुणाचं बटणसुद्धा उघडावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे तुमच्याकडे माणसं चार आहेत आणि चार माणसांत नाती सहा होतात, मोजून बघा. बहुतेक लेखक दोन लिहितात, हिचा नवरा तिच्याबरोबर आणि तिचा हिच्याबरोबर. बाकीची चार कुठे गेली? दोन्ही नवरे एकमेकांकडे कसे बघतात, कोण कुणाला स्वतःपेक्षा भारी समजतो? दोन्ही बायकांची मैत्री झाली तर? मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात धोकादायक नातं तेच आहे, कारण त्या दोघी बोलायला लागल्या की दोन घरांत सांगितलेली खोटी कारणं एकमेकांना ताडून बघता येतात. आणि मूळ दोन लग्नं तर आहेतच, त्या रात्रीनंतर परत येतानाची गाडी लिहा, कोण काहीच बोलत नाही, कोण उगाच जास्त बोलतंय, कोणी एसी वाढवला.

मत्सर लिहिताना शरीरावर फार अडकू नका. बायको दुसऱ्याच्या मिठीत दिसेल याची त्याने मनाची तयारी केलेली असते, ते त्याने हजारदा डोळ्यांसमोर आणलेलं असतं. तयारी नसते ती दुसऱ्याच गोष्टींची. ती त्या परक्या माणसाच्या एका फालतू जोकवर मनापासून, नाकातून आवाज येईपर्यंत हसली, जशी लग्नाच्या आधी याच्या जोकवर हसायची, आणि याला आठवेना की शेवटची कधी हसली होती. इथून पुढे हा माणूस काय करेल याची वाचकाला भीती वाटायला लागेल.

नुसत्या बोलण्यातून थ्रिलर कसा उभा राहतो हे बघायचं असेल तर स्टॅनली कुब्रिक या दिग्दर्शकाचा १९९९ चा 'आइज वाइड शट' परत बघा. बायको नवऱ्याला इतकंच सांगते की मागे सुट्टीवर गेलो होतो तेव्हा एक नौदलाचा अधिकारी दिसला होता आणि त्याच्यासाठी मी सगळं सोडून द्यायला तयार झाले असते. घडलेलं काहीच नाही. त्या एका वाक्याने नवरा रात्रभर भटकतो आणि मुखवटे घातलेल्या लोकांच्या पार्टीत जाऊन पोहोचतो. ती गोष्ट आर्थर श्निट्झलर या व्हिएन्नाच्या लेखकाच्या १९२६ च्या छोट्या कादंबरीवरून घेतलेली आहे आणि लेखक म्हणून तुमच्या कामाची बारीक गोष्ट तिथे आहे, पुस्तकात त्या गुप्त पार्टीचा पासवर्ड 'डेन्मार्क' असतो, आणि बायकोने जे कबूल केलं ते डेन्मार्कच्याच सुट्टीतलं असतं. सिनेमात पासवर्ड बदलून 'फिडेलिओ' केलाय, ते बेथोव्हेन या संगीतकाराच्या ऑपेराचं नाव, ज्यात बायको पुरुषाचा वेश घेऊन तुरुंगातल्या नवऱ्याला सोडवते. म्हणजे एकनिष्ठ बायकोचं नाव घेऊन हा माणूस त्या घरात शिरतो. असे धागे कथेत आधीपासून विणावे लागतात, शेवटी चिकटवून चालत नाहीत.

आणि खुनाचं. तुमच्या चौघांकडे एक अशी गोष्ट आहे जी दुसऱ्या कुठल्या मर्डर मिस्टरीत इतकी आयती मिळत नाही. खून झाला तेव्हा मी कुठे होतो याचा पक्का पुरावा यातल्या निदान दोघांकडे असणार, पण तो पुरावा म्हणजेच त्यांचं गुपित आहे. पोलिसांना खरं सांगितलं तर सुटतील पण मुलं, आईवडील, ऑफिस, सगळ्यांना कळेल. म्हणून निर्दोष माणूससुद्धा पहिल्या दिवशी खोटं बोलणार, दुसऱ्या दिवशी ते खोटं सांभाळायला दुसरं बोलणार. इन्स्पेक्टरला फार हुशार करायचीही गरज नाही, चौघांना चार खोल्यांत बसवून एकच प्रश्न विचारू दे, त्या रात्री जायचं आधी कुणाच्या मनात आलं? चार उत्तरं वेगवेगळी येतील. आणि त्यातली एक बाई असं सांगेल की माझ्या मनात कधी आलंच नव्हतं, मी फक्त नाही म्हटलं नाही. तुमच्या खुनाचं मूळ मला तरी तिथे दिसतं. सेक्सची पानं फाडू नका, फक्त प्रत्येक सीनमध्ये कुणाला तरी काहीतरी नवीन कळलं पाहिजे, ज्यात कळत नाही तो काढा.

प्रश्न : नवऱ्याने मला असाच एक सिनेमा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला आपणही एकदा करून बघूया का. मी हसून टाळलं. आता तो दर दोन दिवसांनी विषय काढतो, म्हणतो तू फार जुन्या विचारांची आहेस, एवढा विश्वास नाही का. माझी अजिबात इच्छा नाही पण मला त्याला गमवायचं नाहीये. एकदाच करून मोकळी होऊ का?

उत्तर : नको ताई. अजिबात नको.

स्वॅपिंग वाईट आहे म्हणून नको असं मी म्हणत नाहीये. दोन मोठ्या माणसांना मनापासून करावंसं वाटलं तर तो त्यांचा प्रश्न, त्यात आपण बोलणारे कोण. पण तुमच्या पत्रात तुमची इच्छा कुठेच नाहीये, सगळीकडे त्याची इच्छा आणि तुमची भीती आहे. भीतीपोटी दिलेल्या होकाराने तुम्ही मोकळ्या होणार नाही, उलट त्या रात्रीनंतर तुम्हाला स्वतःच्या अंगाची किळस आणि त्याचा राग दोन्ही घेऊन जगावं लागेल आणि तो म्हणेल तूच तर हो म्हणाली होतीस.

त्याने पहिल्यांदा विचारलं त्यात मी त्याला दोष देणार नाही. लपूनछपून काही करण्यापेक्षा बायकोला विचारलं, बरं केलं. सिनेमा बघून एखादी कल्पना आवडणं आणि ती खरंच करायची असणं यात खूप अंतर असतं, बऱ्याच जणांना ती कल्पनेतच हवी असते. पण दर दोन दिवसांनी विचारणं, जुन्या विचारांची म्हणणं, विश्वासाचा मुद्दा काढणं, हा दबाव आहे. आणि हसून टाळण्याचा अर्थ समोरचा स्वतःच्या सोयीने काढतो, म्हणून एकदा सरळ सांगा. झोपायच्या वेळी सांगू नका, दिवसा, दोघं शांत असताना सांगा. 'मला हे करायचं नाहीये, आज नाही आणि नंतरही नाही, माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि हा विषय आता बंद कर.' कारणं देऊ नका, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. तुला आपल्यात काय कमी वाटतंय हे विचारायचं असेल तर दुसऱ्या दिवशी विचारा, त्याच दमात नको.

मग तो कसा वागतो ते बघा. नाराज झाला, दोन दिवस गप्प राहिला आणि विषय सोडला, तर माणूस ऐकणारा आहे. सोडून जाईन म्हणाला, पैसे बंद करतो म्हणाला, दारू पाजून बघायला लागला, अंगावर आला, तर मग हा विषय स्वॅपिंगचा राहत नाही, तो छळ आहे. अशा वेळी माहेरच्या किंवा जवळच्या एका तरी माणसाला आधी सांगून ठेवा आणि समुपदेशकाकडे पहिल्यांदा एकट्या जा, त्याच्यासमोर तुम्हाला मोकळं बोलता येणार नाही. तुम्हाला त्याला गमवायचं नाहीये हे समजलं मला. त्यालाही तुम्हाला गमवायची भीती वाटते का, हे एवढ्या लांब पत्रात कुठे दिसलं नाही, म्हणून एवढं लिहिलं.

प्रश्न : आम्हा दोघांचीही खरंच इच्छा आहे, बोलून झालंय. सिनेमात जे दाखवत नाहीत असं काय लक्षात ठेवायचं?

उत्तर : सिनेमात कुणी टेस्ट करून आलेलं दिसत नाही. चौघांनीही आधी लैंगिक आजारांच्या तपासण्या करा आणि रिपोर्ट एकमेकांना दाखवा. कंडोम हवाच आणि पार्टनर बदलला की कंडोमही बदलायचा, हे उत्साहात विसरलं जातं. तरीही हर्पिस आणि एचपीव्ही हे विषाणू कातडीला कातडी लागूनही पसरतात, कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी वर लस आहे, डॉक्टरांना विचारा. नंतरची एचआयव्ही टेस्ट दुसऱ्या दिवशी करून उपयोग नाही, लॅबमधल्या नव्या टेस्टलाही पक्कं सांगायला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात आणि घरी करायच्या किटला ९० दिवसांपर्यंत. दारू कमी, कारण थांब म्हणता आलं पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. मोबाइल दुसऱ्या खोलीत, चौघांचेही. का, ते पुढच्या पत्रात वाचा.

प्रश्न : आम्ही ऑनलाइन ओळख झालेल्या एका कपलला भेटलो. आम्हाला न सांगता त्यांनी व्हिडिओ काढला होता. आता एक क्लिप पाठवलीय आणि पैसे मागतायत, नाहीतर नातेवाइकांना पाठवू म्हणतात. बायको जेवत नाहीये. एकदा पैसे देऊन संपवून टाकू का?

उत्तर : पैसे देऊ नका. दिलेत की त्यांना कळतं की हे देणारे लोक आहेत, मग आकडा वाढतो. आणि थ्रिलरमधला नवरा करतो तसं एकटं भेटायला, धमकावायला, त्यांचा फोन हिसकावायला मुळीच जाऊ नका.

रागाच्या किंवा लाजेच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा आहे. प्रोफाइल, नंबर, पैसे मागितलेला मेसेज, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, मग उत्तर देणं बंद करा. पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करा. तुम्ही त्या घरी स्वतःहून गेला होतात म्हणून तक्रार करायचा हक्क जात नाही, त्या रात्रीला दिलेला होकार कॅमेऱ्याला दिलेला नव्हता. एका विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवा, नातेवाइकांना कळेल ही भीती त्याने निम्मी होते. बायकोशी बोलताना 'कुणाची आयडिया होती' हा विषय सध्या काढूच नका, दोघंही काढू नका. तिला जगणंच नको वाटायला लागलंय असं जरा जरी वाटलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि ती पाठवलेली क्लिप जपून ठेवा, ती बघवत नसली तरी. स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सोय २०२१ पासून आहे, १८ वर्षांवरच्या कुणालाही वापरता येते. तिच्या वेबसाइटवर तुमच्या फोनमधूनच त्या क्लिपचा एक डिजिटल ठसा तयार होतो, क्लिप स्वतः फोनबाहेर जात नाही, फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांना जातो आणि तीच क्लिप कुणी तिथे टाकली तर त्यांना ती ओळखून काढता येते. सगळं इंटरनेट त्यात येत नाही, मेसेजमधून थेट पाठवलेलंही अडवलं जात नाही, पण बरीच मोठी दारं बंद होतात. क्लिप तुमच्याकडे असेल तरच हे करता येतं, म्हणून डिलीट करू नका म्हटलं. शेवटी एक केस नंबर आणि पिन मिळतो, तो कागदावर लिहून दोघांनी जवळ ठेवा.